डेंग्यूच्या ग्राफचं शेवटचं टोक दर आठवड्याला खालीच का पडतं? रिपोर्टिंग डिले दुरुस्त कसा करायचा?

सुदामानगरची_मी:
नमस्कार सगळ्यांना. मी इंदूरची, पब्लिक हेल्थचं शिक्षण चालू आहे आणि एका प्रोजेक्टसाठी डेंग्यूची लाइन लिस्ट (दर रुग्णामागे एक ओळ अशी यादी) सांभाळते. दर सोमवारी आम्ही ताप सुरू झाल्याच्या तारखेप्रमाणे आठवड्याचा ग्राफ काढतो आणि दर सोमवारी तो शेवटी धाडकन खाली आलेला दिसतो. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, चला उतरायला लागलं. पुढच्या सोमवारी बघावं तर तोच आठवडा भरून वर आलेला असतो आणि आता त्याच्या पुढचा खाली. सप्टेंबरपासून हेच चाललंय. मला याची खरंच काळजी वाटते कारण याच ग्राफवरून अळ्या शोधायला टीम कुठे पाठवायच्या ते ठरतं, आणि उतरलं म्हणून एखाद्या वॉर्डातून टीम काढली आणि तिथे खरं तर वाढतच असेल तर?

माझ्याकडे ताप सुरू झाल्याची तारीख (बऱ्याच जणांची कोरी), सॅम्पलची तारीख, निकालाची तारीख आणि पोर्टलवर एन्ट्रीची तारीख आहे. एक्सेल बरं येतं, आर (आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) थोडंफार. एका सरांनी सांगितलं शेवटचे तीन आठवडे ग्राफमधून काढूनच टाक. पण मग डासांच्या बाबतीत तीन आठवडे म्हणजे फार झाले ना? नाऊकास्टिंग, म्हणजे अजून न कळलेल्या केसेस धरून आत्ताच्या आकड्याचा अंदाज काढणं, असं काहीतरी असतं असं ऐकलंय, ते माझ्यासारखीला जमेल का? कृपया अगदी पायापासून सांगा.

रामबागकर_काका:
बेटा, पहिल्यांदा हे सांगतो की तीन आठवडे काढून टाकू नकोस. त्या आठवड्यांत माहिती आहे, फक्त अर्धवट आहे, आणि किती अर्धवट आहे ते मोजता येतं. मी आयुष्यभर जनरल इन्शुरन्समध्ये आकडेमोड केली, आमच्याकडे हा प्रश्न रोजचा. अपघात मार्चमध्ये झालेला असतो आणि क्लेम येतो जुलैमध्ये, पण मार्चअखेर ताळेबंदात त्याचे पैसे बाजूला ठेवावेच लागतात. घडलंय पण अजून कळवलेलं नाही, असे जे क्लेम त्यांना आम्ही आयबीएनआर म्हणतो आणि त्यांचा अंदाज काढायची सगळ्यात जुनी साधी रीत म्हणजे चेन लॅडर. तुझ्या डेंग्यूला तीच जशीच्या तशी लागते.

कागद घे. उभ्या बाजूला आजार सुरू झाल्याचा आठवडा, आडव्या बाजूला किती आठवडे उशिरा कळलं ते, ०, १, २, ३. खालचे आकडे मी समजावण्यापुरते बनवलेत, खरे नाहीत. प्रत्येक ओळीत त्या आठवड्याच्या केसेसची वाढत गेलेली बेरीज आहे:

आठवडा १: २०, ५०, ५८, ६०
आठवडा २: २४, ६२, ७२, ७५
आठवडा ३: ३०, ७४, ८७
आठवडा ४: ३४, ८४
आठवडा ५: ३२

उजवीकडचा खालचा कोपरा रिकामा, म्हणून याला रिपोर्टिंग ट्रँगल म्हणतात. आता पहिल्या कॉलममधून दुसऱ्यात जाताना आकडा किती पट होतो बघ. ज्या चार ओळींत दोन्ही आकडे आहेत त्यांची बेरीज घे, ५०+६२+७४+८४ म्हणजे २७०, भागिले २०+२४+३०+३४ म्हणजे १०८, उत्तर बरोबर २.५. दुसऱ्यातून तिसऱ्यात २१७ भागिले १८६, म्हणजे साधारण १.१७. तिसऱ्यातून चौथ्यात १३५ भागिले १३०, म्हणजे १.०४. आता रिकामे कोपरे भर. आठवडा ३ चे ८७ होतात ९०. आठवडा ४ चे ८४ होतात १०२. आणि आठवडा ५ चे ३२ गुणिले २.५ गुणिले १.१७ गुणिले १.०४, होतात ९७.

तुझ्या मीटिंगमध्ये जो ग्राफ दिसतो तो ६०, ७५, ८७, ८४, ३२, म्हणजे साथ संपत आली असं वाटणार. दुरुस्त केलेला ६०, ७५, ९०, १०२, ९७. ही साथ अजून टेकडीवरच आहे, उतरलेली नाही. हे सगळं एक्सेलमध्ये एका शीटवर होतं, आजच करून बघ.

लॅबमधली_ताई:
काकांनी छान समजावलं, मी फक्त हा उशीर येतो कुठून ते सांगते कारण आकडेवाल्यांना ते बरेचदा माहीत नसतं. माणसाला ताप आला की तो पहिले दोन-तीन दिवस घरीच गोळी घेतो, मग गल्लीतल्या डॉक्टरकडे, मग कुठे सॅम्पल. ताप येऊन पाच दिवसांच्या आत असेल तर एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी टेस्ट), त्याच्या पुढे आयजीएम (शरीराने बनवलेली अँटीबॉडी शोधणारी), त्यामुळे कुठला पेशंट कधी कन्फर्म होणार हे तो कितव्या दिवशी आला त्यावरही ठरतं. मग एलायझा, म्हणजे ही टेस्ट लॅबमध्ये प्लेटवर करायची रीत. एलायझाची प्लेट ९६ घरांची असते आणि कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेले नमुने) लावावे लागतात, दोन-चार सॅम्पलसाठी अख्खा रन लावणं परवडत नाही म्हणून सॅम्पल साठले की लावतात. म्हणजे साथ कमी असताना उशीर जास्त, भर साथीत रोज प्लेट लागते म्हणून उशीर कमी, आणि एकदम लोंढा आला किंवा किट संपलं की परत जास्त. रॅपिड कार्डवर पॉझिटिव्ह आलेला सरकारी मोजणीत कन्फर्म धरत नाहीत, त्याला एलायझा लागतोच, म्हणजे आणखी एक फेरी. एन्ट्री करणारा माणूस सुट्टीवर असेल तर ते वेगळंच.

म्हणून काकांचं ते २.५ कायमचं धरून चालू नकोस गं. ऑगस्टमधलं २.५ दिवाळीच्या आठवड्यात चार सुद्धा होऊ शकतं. अनंत चतुर्दशीला इंदुरात रात्रभर झांक्या (देखाव्यांच्या मिरवणुका) निघतात, दुसऱ्या दिवशी अर्धं शहर झोपलेलं असतं, त्या दिवशीच्या एन्ट्र्या बघ म्हणजे कळेल.

अंशछेद:
मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो, या विषयावर माझं थोडं काम आहे, लांब लिहितोय, सवडीने वाच.

काकांची रीत बरोबर आहे आणि सुरुवात तिथूनच कर, पण तीन गोष्टी तिच्यात नाहीत आणि त्या तिन्ही तुझ्या कामाला लागणार.

पहिली, अनिश्चितता. ९७ हा एक आकडा आहे पण तो ३२ ला तीनने गुणून आलाय, म्हणजे ३२ मधली प्रत्येक चूकभूल पण तिप्पट झाली. नुसता मोजणीतला चढउतार धरला, म्हणजे ३२ च्या वर्गमुळाची दुप्पट इकडे-तिकडे, तरी खरा आकडा साधारण ६३ ते १३० मध्ये कुठेही असू शकतो. आणि ही कमीत कमी रुंदी आहे, खऱ्या डेटात पॉइसनपेक्षा (मोजणीतल्या साध्या योगायोगाच्या गणितापेक्षा) जास्त फैलाव असतो म्हणून निगेटिव्ह बायनॉमियल (जास्त फैलाव धरणारं गणित) वापरतात आणि मग हा ६३ ते १३० चा पट्टा आणखी रुंद होतो. तेव्हा १०२ वरून ९७ झाले म्हणजे उतार सुरू झाला असं इथून म्हणता येत नाही, काका, तुमच्या आकड्यांवरून वाढतंय असंही म्हणता येत नाही. पण एक गोष्ट ठामपणे म्हणता येते: ग्राफ सांगतोय तसं ते अर्ध्याच्या खाली आलेलं नाही. आठवडा ४ च्या १०२ चे निम्मे म्हणजे ५१ केसेस असत्या तर पहिल्या आठवड्यात त्यातल्या सतराच्या आसपासच कळल्या असत्या, ३२ नाही. मीटिंगमध्ये एवढं वाक्य पुरेसं आहे आणि तेच महत्त्वाचं आहे.

दुसरी, राइट ट्रंकेशन, म्हणजे अलीकडचे उशिरा कळणारे रुग्ण यादीत नसणं. यात भले भले फसतात. उशीर किती लागतो हे काढायला लोक गेल्या दोन आठवड्यांतल्या रुग्णांची सरासरी काढतात आणि म्हणतात अरे वा, उशीर चारच दिवसांवर आला. तसं नसतं. दहा दिवसांपूर्वी आजारी पडलेल्यांपैकी ज्यांचा रिपोर्ट वीस दिवसांनी येणार आहे ते तुझ्या यादीत अजून आलेलेच नाहीत, यादीत फक्त लवकर कळलेले आहेत, त्यामुळे सरासरी लहान दिसणारच. साथ चढती असेल तर नवे रुग्ण जास्त आणि हा दोष आणखी मोठा. ट्रँगलची रीत यातून वाचते कारण ती प्रत्येक पायरी फक्त ज्यांना तेवढा वेळ मिळालाय त्यांच्यावरून काढते. हे गणित एड्सच्या साथीत पक्कं झालं, ऐंशीच्या दशकात अमेरिकेत रुग्णांची नोंद पोचायला महिनोन्‌महिने लागायचे, तेव्हा लागाकोस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वेळ उलटीकडून मोजायची युक्ती मांडली, कालबफ्लाइश आणि लॉलेस यांनी १९८९ मध्ये ती पुढे नेली.

तिसरी, ताई म्हणाल्या ती, उशीर बदलत राहतो. यासाठी दोन उपाय. एक म्हणजे गुणक (काकांचे २.५, १.१७ वगैरे) काढताना सगळा सीझन न घेता अलीकडचे सहा-आठ आठवडेच घ्यायचे, म्हणजे सरकती खिडकी. दुसरा, रोजच्या डेटावर काम करत असशील तर मॉडेलमध्ये रिपोर्टिंगच्या तारखेचा परिणाम वेगळा टाकायचा, रविवार, दिवाळी, किट नसलेले दिवस. लक्षात घे, सुट्टीचा परिणाम आजाराच्या तारखेवर नाही, कळवण्याच्या तारखेवर होतो, ट्रँगलमध्ये तो तिरक्या रेषेवर दिसतो. ती रेषा वेगळी ओळखली नाही तर मॉडेल ते सगळं साथीच्या माथी मारतं.

हे तिन्ही एकत्र हवं असेल तर बेजियन नाऊकास्टिंग, म्हणजे आधीची समज आणि दिसणारा डेटा जोडून शक्यता काढायची रीत. कल्पना सोपी आहे, दर आठवड्याच्या खऱ्या केसेस आपल्याला माहीत नाहीत पण त्या मागच्या आठवड्यापेक्षा एकदम कुठल्या कुठे जात नाहीत, म्हणून त्यांच्या लॉगवर (लॉगॅरिदमवर) रँडम वॉक, म्हणजे दर आठवड्याला थोडं वर-खाली सरकणं, धरायचा, उशिराचे हिस्से दुसरीकडून शिकायचे, आणि दोघांना जोडून ट्रँगलमध्ये जे आकडे दिसतात ते निगेटिव्ह बायनॉमियलने समजवायचे. जर्मनीत २०११ मध्ये मोड आलेल्या मेथीतून ई-कोलायची मोठी साथ आली होती, ५० वर माणसं दगावली, त्या साथीच्या डेटावर होले आणि आन डेर हायडन यांनी २०१४ मध्ये असंच मॉडेल लिहिलं. ब्राझीलमध्ये डेंग्यूसाठी बास्तोस आणि मंडळींनी २०१९ मध्ये केलं. तुला स्वतः काही लिहायची गरज नाही, आर मध्ये नॉब्स नावाचं पॅकेज आहे, त्याला फक्त दोन तारखांचे कॉलम लागतात, आजाराची आणि कळल्याची. सर्व्हेलन्स आणि एपिनाऊकास्ट ही आणखी दोन, शेवटचं सगळ्यात लवचिक आहे पण त्याला स्टॅन (बेजियन गणित चालवणारं सॉफ्टवेअर) बसवावं लागतं, ते दुसऱ्या टप्प्यात कर.

सुदामानगरची_मी:
बाप रे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. काका, तुमचा ट्रँगल मी काल रात्री एक्सेलमध्ये केला आणि पहिल्यांदाच मला कळलं की मी नेमकं काय बघत होते. पण एक अडचण आली. आमच्याकडे फाइल एकच, रोज तीच अपडेट होते, जुनी कॉपी कुणी ठेवत नाही. मी एन्ट्रीच्या तारखेवरून ट्रँगल बनवला पण काही रुग्णांची एन्ट्रीची तारीख आजाराच्या आधीची निघाली, आणि पोर्टलवर रेकॉर्ड दुरुस्त केला की तारीख बदलते का तेही कुणाला नक्की सांगता येत नाही. आणि ज्यांची तापाची तारीखच कोरी आहे त्यांचं काय?

अंशछेद:
हा प्रश्न तू विचारलास हे फार चांगलं झालं, या सगळ्यात सगळ्यात मोलाचं हेच आहे. मॉडेल कुठलंही घे, त्याला एकच गोष्ट लागते, कुठल्या तारखेला आपल्याला काय माहीत होतं. ती जर पुसली गेली तर जगातली कुठलीही पद्धत ती परत आणू शकत नाही. आजपासून रोज संध्याकाळी फाइलची कॉपी तारखेच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, वर्ष-महिना-दिवस असं नाव म्हणजे क्रमाने लागतात. काही विश्लेषण केलं नाहीस तरी चालेल पण हे चुकवू नकोस. दोन दिवसांच्या कॉपी ताडून बघितल्या की कुठले रेकॉर्ड नवे, कुठले बदलले, कुठले डुप्लिकेट म्हणून उडाले ते कळतं. उडालेल्यांमुळे ट्रँगलमध्ये मायनस आकडा येतो, घाबरू नकोस, तसं होतं.

आणि हो, एक्सेलचं नवीन फॉरमॅटच वापर. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० मधल्या १५,८४१ कोविड केसेस वेळेवर मोजल्या गेल्या नाहीत, कारण जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. मग त्या सगळ्या एकदम जोडल्या तेव्हा त्या दिवशी मोठा खांब उभा राहिला. आपल्याकडे बिहारने ९ जून २०२१ ला जुने मृत्यू जोडून एकूण आकडा साडेपाच हजारांच्या आसपासचा ९,४२९ वर नेला आणि दुसऱ्या दिवशी देशाचा एका दिवसाचा आकडा सहा हजारांच्या वर दिसला. कळल्याच्या तारखेचा ग्राफ काढला की हे होतं. म्हणून तू आजाराच्या तारखेवर ग्राफ काढतेस ते बरोबरच आहे, ते सोडू नकोस.

कोऱ्या तारखांसाठी: ज्यांच्याकडे तापाची आणि सॅम्पलची दोन्ही तारखा आहेत त्यांच्यावरून मधलं अंतर कसं पसरलंय ते बघ, एनएस१ वाले आणि आयजीएम वाले वेगळे ठेवून, आणि कोऱ्यांना त्या पसाऱ्यातून अंतर द्यायचं. एकच सरासरी सगळ्यांना चिकटवू नकोस, वेगवेगळी अंतरं टाकून पाच-दहा वेळा करायचं आणि प्रत्येक वेळचा निकाल एकत्र मांडायचा. हे जड वाटत असेल तर सॅम्पलच्या तारखेवरच ट्रँगल कर, ती कोरी नसते.

फवारणी_वॉर्ड:
तुम्ही लोक खूप अभ्यासू आहात, मान्य, पण मी फिल्डवर आहे आणि मला विचारायचंय की ६३ ते १३० घेऊन मी काय करू? मला एवढंच सांगा की सोमवारी टीम पलासियाकडे जाणार की विजयनगरकडे. वॉर्डात केसेस दोन-तीन असतात, तिथे तुमचा ट्रँगल काय सांगणार? आणि एडिसची (डेंग्यूच्या डासाची) अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, माणसाला चावल्यावर ताप यायला ४ ते १० दिवस, म्हणजे तुम्हाला केस कळते तेव्हा त्या डासांची पुढची पिढी उडायला लागलेली असते.

लॅबमधली_ताई:
दादा, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे आणि म्हणूनच मी म्हणेन कन्फर्म केसची वाटच बघू नका. आयडीएसपीमध्ये (सरकारच्या रोग सर्वेक्षण कार्यक्रमात) सुरुवातीपासून तीन फॉर्म आहेत, एस, पी आणि एल, आरोग्य कार्यकर्त्याला संशय, डॉक्टरचं निदान, आणि लॅब. एप्रिल २०२१ पासून हेच आयएचआयपी या सरकारी आरोग्य माहिती पोर्टलवर येतं. तुमच्या टीमसाठी एस आणि पी मधला तापाचा आकडा बघा, तो लॅबच्या आधी येतो. त्यात बाकीचे ताप पण मिसळतात पण एखाद्या वस्तीत एकदम वाढला तर टाक्या, कुंड्या, कूलर बघायला माणूस पाठवायला तेवढं पुरे.

अंशछेद:
ताईंशी सहमत. वॉर्डाचं सांगतो. दोन-तीन केसेसवर वेगळा ट्रँगल करायचाच नाही. उशीर बहुतेक लॅबमुळे आणि एन्ट्रीमुळे येतो, तो वॉर्डावर फार अवलंबून नाही, म्हणून उशिराचे हिस्से अख्ख्या शहरावरून काढायचे आणि तेच सगळ्या वॉर्डांना लावायचे. एखाद्या भागातले रुग्ण मुख्यतः एकाच खाजगी लॅबकडे जात असतील आणि ती लॅब आठवड्यातून एकदाच निकाल पाठवत असेल तर तेवढा भाग वेगळा काढायचा. आणि दादांना पट्टा न देता शक्यता द्यायची: या वॉर्डात या आठवड्यात मागच्या आठवड्यापेक्षा जास्त केसेस असण्याची शक्यता किती. सगळे वॉर्ड त्या क्रमाने लावले की सोमवारची यादी तयार. बेजियन मॉडेलमधून हे आपोआप निघतं, कारण ते हजारो शक्य आकडे देतं, त्यातल्या किती वेळा वाढ दिसते ते फक्त मोजायचं.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, नाऊकास्ट उशिरा कळणाऱ्या केसेस भरून काढतं, कधीच न कळणाऱ्या नाही. जो माणूस गल्लीतल्या दवाखान्यात बरा झाला आणि ज्याचं सॅम्पल कधी गेलंच नाही तो या ट्रँगलमध्ये कुठल्याच कॉलममध्ये येत नाही. म्हणून ग्राफखाली तसं लिहा.

रामबागकर_काका:
मी एक जोडतो. आमच्या धंद्यात मॉडेलवर विश्वास ठेवायच्या आधी त्याला मागच्या वर्षात नेऊन बसवतात. तू पण तसं कर बेटा, तुझ्या कॉपी थोड्या साठल्या की महिनाभरापूर्वीची कॉपी उघड, तेवढंच माहीत आहे असं धरून अंदाज काढ, आणि आजच्या भरलेल्या आकड्याशी ताड. ९५ टक्क्यांचा पट्टा म्हणतोस तर वीस वेळांपैकी एकोणीसदा खरा आकडा आत पडायला हवा. बाराचदा पडत असेल तर पट्टा फार अरुंद आहे, लोकांना खोटा भरवसा देतोय.

सुदामानगरची_मी:
काका, हे करणार. आज नॉब्स चालवलं, चाललं! शेवटच्या आठवड्याचा पट्टा भरपूर रुंद आला पण दोन आठवड्यांपूर्वीचा चांगला अरुंद आहे, म्हणजे निदान त्या आठवड्याबद्दल बोलता येईल. नवीन ग्राफमध्ये कळलेल्या केसेस गडद खांबात आणि अजून यायच्या आहेत त्यांचा अंदाज फिक्या रंगात वर ठेवलाय, पट्ट्यासकट, आणि फिका भाग सुरू होतो तिथे एक उभी रेघ. रोजची कॉपी आपोआप ठेवायची छोटी स्क्रिप्ट पण लावली. फवारणी दादा, वॉर्डांची यादी झाली की इथे टाकते, तुम्ही प्रत्यक्ष गेलात की कुठे अळ्या सापडल्या आणि कुठे नाही ते सांगाल का? ते तारखेसकट मिळालं तर फार उपयोग होईल.

फवारणी_वॉर्ड:
सांगतो ना. आमच्याकडे घरागणिक रजिस्टर असतं, कुठल्या घरात किती भांडी तपासली, किती भांड्यांत अळ्या, सगळं तारखेनिशी. फोटो काढून पाठवतो, घरमालकाचं नाव झाकून.

अंशछेद:
रजिस्टरमध्ये तपासणीची तारीख आणि ते ऑफिसात जमा झाल्याची तारीख, दोन्ही टिपून घे. तिथेही उशीर असणारच.